उठून दिसणारा टाका: हाताने शिवलेलं दोन रंगांचं चामड्याचं पाकीट कसं बनवायचं आणि कितीला विकायचं?



चामड्याच्या पाकिटाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, स्टेशनबाहेर दोनशे रुपयांत पाकीट मिळतं. माझं साडेआठशेचं कोण घेणार?"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर टाक्यात आहे.

तपकिरी चामड्यावर तपकिरी दोरा घातला तर दोन फुटांवरून तुमचं पाकीट आणि मशीनवरचं पाकीट सारखंच दिसतं. तुम्ही तीन तास घातलेत हे गिऱ्हाईकाला कळणार कसं? त्याच चामड्यावर क्रीम रंगाचा दोरा घाला. माणूस पाकीट हातात घेतो, शिवणीवरून बोट फिरवतो आणि विचारतो, "हे हाताने शिवलंय का?" हा प्रश्न आला की निम्मी विक्री झाली असं समजा.

पण एक लक्षात ठेवा. जो दोरा तुमची मेहनत दाखवतो, तोच तुमची प्रत्येक चूकही दाखवतो. म्हणून आज कृती, रंग आणि हिशोब या तिन्ही गोष्टी एकत्र बघू. व्हिडिओत मापं भरभर गेली होती, ती इथे नीट लिहून देतोय.

हाताचा टाका वेगळा का?

मशीनमध्ये दोन दोरे असतात, एक वरचा आणि एक खालचा. ते चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. एक दोरा झिजून तुटला की शेजारचे टाके सैल व्हायला लागतात.

हाताच्या टाक्यात दोरा एकच, पण त्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून आणि एक तिकडून. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. घोड्याचं खोगीर असंच शिवतात, म्हणून याला सॅडल स्टिच म्हणतात. गिऱ्हाईकाला हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, ते पाठ करा.

चामडं घेताना

दुकानात गेलात की दोन शब्द कानावर पडतील: क्रोम आणि व्हेज. क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ते मऊ असतं, रंग भरपूर मिळतात, पण त्याची कड घोटून चकचकीत होत नाही. व्हेज टॅन म्हणजे झाडाची साल, फळं यांनी कमावलेलं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून असंच कमावलं जातं. ते थोडं ताठ असतं, कड सुंदर घोटली जाते आणि वापरून वापरून रंग गडद होत जातो. पहिल्या पाकिटासाठी व्हेज टॅनच घ्या.

मुंबईत धारावीला चामड्याचा बाजार आहे. चामडं चौरस फुटावर विकलं जातं आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. बाहेरच्या भागासाठी १.२ मिमी आणि आतल्या कप्प्यांसाठी ०.८ मिमी मागा. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे म्हशीचं किंवा शेळीचं चामडं विचारून घ्या आणि पक्कं बिल ठेवा. "हे कशाचं चामडं?" असं गिऱ्हाईकही विचारतंच. उत्तर तयार हवं.

रंगाची जोडी: माझी पाच हजारांची चूक

ही गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते, पण तुमचे पैसे वाचतील म्हणून सांगतो.

सुरुवातीच्या दिवसांत मला दिवाळीच्या भेटीसाठी १२ पाकिटांची ऑर्डर मिळाली. गडद निळं चामडं, क्रीम दोरा. दिसायला एकदम झकास! प्रत्येकी ४५० रुपये घेतले. महिनाभरात फोन आला. घामाने निळा रंग सुटला होता, दोरा निळसर झाला होता आणि एका साहेबांच्या फिक्या पँटचा खिसा कायमचा निळा झाला होता. मी बाराच्या बारा पाकिटं परत घेतली आणि ५,४०० रुपये परत केले. चामडं, दोरा, रात्रीची जागरणं, सगळं पाण्यात.

तेव्हापासून माझा नियम असा: चामडं कापण्याआधी पांढरं सुती फडकं घ्यायचं. वीस वेळा कोरडं घासायचं, मग फडकं ओलं करून वीस वेळा घासायचं. फडक्यावर रंग उतरला तर ते चामडं फिक्या दोऱ्यासोबत वापरायचं नाही. दुकानातच छोटा तुकडा मागून ही परीक्षा करा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

रंगांच्या तीन जोड्या नवीन माणसाला सांभाळायला सोप्या जातात:

१. बाहेर टॅन, आत गडद तपकिरी, दोरा क्रीम.
२. बाहेर काळा, आत टॅन, दोरा टॅन किंवा मोहरी रंगाचा.
३. बाहेर आणि आत टॅन, दोरा गडद हिरवा किंवा मरून.

चामड्याचे दोन आणि दोऱ्याचा एक, याच्या पुढे जाऊ नका. पाकीट आहे, रांगोळी नाही. आणि पांढराशुभ्र दोरा टाळा, तो शिवता शिवताच मळतो. क्रीम दोरा जास्त माफ करतो.

हत्यारं

स्टीलची पट्टी, धारदार कटर, कटिंग मॅट, चार मिमी अंतराचा दातेरी पंच, लाकडी मोगरी, बोथट टोकाच्या दोन सुया, ०.६ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, चामडं चिकटवायचं सोल्युशन, कड तासायला रापी आणि बारीक पॉलिश पेपर. शिवणीची रेघ आखायला मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक चालतं, मी अजून तेच वापरतो. महागडं किट पहिल्याच दिवशी मागवू नका. पैसे पंचावर खर्च करा, कारण भोकं वाकडी पडली तर टाका सरळ येणारच नाही.

मापं

माप हवेतून येत नाही, आत काय ठेवायचंय त्यावरून येतं. एटीएम कार्ड ८५.६ × ५४ मिमी असतं. सध्याची पाचशेची नोट १५० × ६६ मिमी, आणि शंभरची जुनी मोठी नोट १५७ × ७३ मिमी. सगळ्यात मोठी नोट धरून उंची ठरवायची.

- बाहेरचा तुकडा: २१० × ९० मिमी, एक
- आतला तुकडा: २०४ × ८४ मिमी, एक
- कार्डाचे कप्पे: ९८ × ४८ मिमी, चार

आतला तुकडा ६ मिमी आखूड का? पाकीट दुमडल्यावर बाहेरच्या चामड्याला जास्त वळसा घ्यावा लागतो. दोन्ही सारखे कापलेत तर पाकीट बंदच होत नाही, नाहीतर आत सुरकुत्या पडतात. नवीन मुलांची ही हमखास होणारी चूक आहे.

चारपैकी दोन कप्पे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे कापा. वरचे १२ मिमी पूर्ण रुंदीचे ठेवा आणि खालचा भाग दोन्ही बाजूंनी ६ मिमी आत घ्या. त्यामुळे शिवणीत कप्प्यावर कप्पा येत नाही आणि कड जाड होत नाही.

कृती

१. आधी जाड कागदावर मापं कापा, खरं कार्ड आणि खरी नोट ठेवून बघा. मगच चामडं कापा. कटर एकदाच दाबून ओढू नका, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा.

२. कप्प्यांच्या वरच्या कडा आत्ताच घोटून घ्या. पाणी लावायचं आणि जाड कापडाने कड चमकेपर्यंत घासायचं. शिवून झाल्यावर तिथे हात पोचत नाही.

३. टी कप्पे आतल्या तुकड्यावर असे ठेवा की त्यांची वरची कड तळापासून ६२ मिमीवर येईल. मध्ये घडीसाठी ८ मिमी जागा मोकळी सोडा. टी कप्प्याची खालची कड शिवून टाका, कार्ड त्या शिवणीवर टेकतं. मग पुढचे कप्पे तळाला जुळवून चिकटवा आणि मधल्या बाजूची उभी शिवण घाला.

४. आता बाहेरचा तुकडा. तळ जुळवा. आधी डावी बाजू चिकटवा, मग उजवी. मधली जागा चिकटवू नका, बाहेरचं चामडं तिथे थोडं फुगलेलं दिसेल, तसंच राहू द्या. सोल्युशन कडेला फक्त ५ मिमीच्या पट्टीत लावा. ते बाहेर आलं तर फिका दोरा काळा पडतो.

५. कड पॉलिश पेपरने एकसारखी करा. कडेला रंग द्यायचा असेल तर तो आत्ताच, शिवण्याआधी द्या. नंतर दिलात तर दोऱ्यावर ओघळ आलाच म्हणून समजा.

६. कर्कटकाने कडेपासून ३.५ मिमीवर रेघ आखा. पंच रेघेवर उभा धरा आणि मोगरीने ठोका. पुढच्या वेळी पंचाचा पहिला दात मागच्या शेवटच्या भोकात ठेवा, म्हणजे अंतर चुकत नाही.

७. आता शिवण. प्रत्येक बाजूला उभी आणि तळाची मिळून साधारण १८२ मिमी शिवण येते, म्हणजे ४५ टाके. दोरा शिवणीच्या चौपट लागतो, सुया ओवायला थोडा जास्त धरून ८० सेंमी घ्या. पाकीट गुडघ्यांमध्ये दोन फळ्यांत घट्ट धरा. उजवी सुई आधी की डावी, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तोच क्रम ठेवा. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या नेहमी एकाच बाजूने काढा. टाक्याचा तिरकेपणा सारखा येतो तो यामुळेच. दोन्ही हातांनी सारखाच ताण द्या. चामडं आक्रसलं तर जास्त ओढताय.

८. शेवटी दोन-तीन टाके उलटे घ्या, दोरा कापा आणि लायटरने टोक हळूच वितळवा. सुती दोरा वितळत नाही, तिथे टोकाला गोंदाचा थेंब लावा. दुसरी बाजू तशीच शिवा आणि कड शेवटचं घोटून घ्या.

आणि हो, शिवायला बसण्याआधी हात साबणाने धुवा. फिका दोरा आहे!

आता खरा विषय: हिशोब

वरच्या सगळ्या तुकड्यांचं क्षेत्रफळ साधारण ५५० चौ. सेंमी, म्हणजे ०.६ चौरस फूट भरतं. पण चामड्यात डाग असतात, कोपरे वाया जातात, म्हणून ०.८ चौरस फूट धरा. खालचे दर उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे तुम्ही भरा.

- चामडं, ०.८ चौ. फूट, १५० रुपये दराने: १२०
- दोरा, मेण, सोल्युशन: २५
- डबी आणि पिशवी: ३५
- हत्यारांची झीज, वीज, खराब तुकडे: ४०
- तुमची मजुरी, ३ तास, तासाला १००: ३००

एकूण ५२० रुपये. त्यावर २५ टक्के नफा, १३० रुपये. झाले ६५०. कुरिअर, पोर्टलचं कमिशन किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं धरून पाकिटामागे २०० रुपये. विक्रीची किंमत ८५०.

आता तेच पाकीट मी विकलं तसं ४५०ला विका. सामान आणि झीज २२० गेले, विक्रीचा खर्च कसाबसा १५०वर आणला तरी उरले ८० रुपये. तीन तासांचे! म्हणजे तासाला सत्तावीस रुपये. तेव्हा मी हा हिशोब केलाच नव्हता. रंग सुटला नसता तरी मी तोट्यातच होतो, फक्त मला ते कळलं नसतं.

मजुरी लिहायला आपल्याला संकोच वाटतो. "घरचंच काम आहे" म्हणतो. मित्रांनो, उद्या ऑर्डर वाढली आणि हाताखाली माणूस ठेवला, तर तो फुकट शिवणार आहे का? आज तुमची मजुरी किंमतीत नसेल तर उद्या त्याचीही निघणार नाही, आणि धंदा तुमच्या दोन हातांपलीकडे जाणार नाही.

वेळ वाचवायचा तर कापणं, चिकटवणं, भोकं पाडणं पाच-पाच नगांचं एकदम करा. शिवताना मात्र घाई नको, कारण गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतंय. आणि दोनशेवाल्याशी स्पर्धा करायला जाऊ नका. वाढदिवस, निवृत्ती, लग्नाची भेट, नावाचं अक्षर कोरून हवं असणारी माणसं हे तुमचं गिऱ्हाईक. फोटो काढताना टाका जवळून दाखवा.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी आधी करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. चर्मकार समाजातल्या मित्रांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या प्रशिक्षण आणि कर्जाच्या योजना जिल्हा कार्यालयात जाऊन विचाराव्यात.

या आठवड्याचा होमवर्क

टाकाऊ चामड्याच्या १० सेंमी लांबीच्या दहा पट्ट्या कापा. प्रत्येकीवर क्रीम दोऱ्याने शिवण घाला आणि मागे नंबर लिहून लागलेला वेळ टाका. मग पहिली आणि दहावी पट्टी घरातल्या कुणालातरी दाखवा, नंबर न सांगता. दहावी कुठली हे त्यांनी लगेच ओळखलं तर पाकिटाचं चामडं आणायला निघा. नाही ओळखलं, तर अजून दहा पट्ट्या. चामडं कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या भागात. शिका, शिवा आणि हिशोब लिहा!