पहिली गाडी: आधी हप्ता, मग मॉडेल

सोयाबीन मोंढ्यात आले, आडत्याची पट्टी हातात पडली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेड-लातूरच्या शोरूममध्ये गर्दी सुरू होते. दुसरी गर्दी गुढीपाडव्याला. यातले बरेच जण पहिल्यांदाच चारचाकी घेत असतात. घरात आधी दुचाकी असते, फार तर ट्रॅक्टर. त्यामुळे बोलणे सुरू होते ते मॉडेलपासून: पाहुण्यांनी कोणती घेतली, रंग कोणता, वरचे छत उघडते का. माझे म्हणणे असे की सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. आपल्या घराला महिन्याला किती झेपते हा आकडा आधी कागदावर उतरवावा आणि मग शोरूमची पायरी चढावी. आकडा ठरलेला असला की सेल्समन तुम्हाला वरच्या मॉडेलकडे सहज सरकवू शकत नाही.

हा आकडा काढायचा कसा, ते एका उदाहरणाने पाहू. 6 लाख 80 हजार रुपये एक्स-शोरूम किमतीची एक छोटी पेट्रोल गाडी घ्या. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला सध्या 11 टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे जवळपास 75 हजार. त्यात पहिल्या वर्षाचा विमा, नोंदणी आणि फास्टॅग धरले की ऑन-रोड किंमत आठ लाखांच्या आसपास जाते. जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत, खिशातून जाते ती ऑन-रोड. दोन लाख रोख भरून सहा लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता बसतो 12,455 रुपये. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, साडेबारा हजार होतात, जमेल.

पण गाडी पेट्रोलवर चालते. महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला अठराचे मायलेज धरले, तरी 55 लिटरच्या वर पेट्रोल लागते. शंभरीपार गेलेल्या भावाने ते 5,800 रुपयांच्या घरात जाते. पुढच्या वर्षीचा विमा, सर्व्हिसिंग, चार-पाच वर्षांनी येणारे टायर आणि बॅटरी यांसाठी महिन्याला तीन हजार तरी बाजूला टाकावे लागतात. बेरीज झाली 21 हजारांच्या पुढे. गाडीचा सगळा खर्च मिळून घराच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशावर जाऊ नये, असे मी मानतो. मुलगी लातूरला क्लासला असेल, खोलीभाडे आणि मेस चालू असेल, तर एक चतुर्थांशच पुरे. एक तृतीयांश धरले तरी ही गाडी महिन्याला 64 हजार येणाऱ्या घराची झाली.

45 हजार येणाऱ्या घराने काय करावे? एक तृतीयांश म्हणजे 15 हजार. त्यातून पेट्रोल-देखभालीचे 8,800 वजा केले की हप्त्याला उरतात 6,200. तेवढ्यात 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी तीन लाखांचे कर्ज बसते. म्हणजे या घराने आठ लाखांच्या नव्या गाडीकडे न पाहता साडेचार-पाच लाखांची चांगली जुनी गाडी शोधावी. यात कमीपणा काहीच नाही.

हप्ता जड वाटला की दुकानात लगेच उत्तर मिळते: मुदत सात वर्षे करा. सहा लाखांचा हप्ता मग 9,653 वर येतो आणि हायसे वाटते. मात्र पाच वर्षांत तुम्ही 1 लाख 47 हजार व्याज भरणार होता, ते आता 2 लाख 11 हजार होते. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी गाडी दुरुस्ती मागू लागते, तेव्हाही हप्ता चालूच असतो. पाच वर्षांत बसत नाही ती गाडी आपली नाही, असे समजून एक पायरी खाली उतरावे.

याहून मोठा फरक व्याज सांगण्याच्या पद्धतीत पडतो. बँक 9 टक्के म्हणते तेव्हा ते घटत्या शिलकीवर असते, म्हणजे जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच व्याज. काही फायनान्सवाले आणि पतपेढ्या तेच 9 टक्के ‘फ्लॅट’ सांगतात. तिथे शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण सहा लाखांवर व्याज चालू राहते. पाच वर्षांचे 2 लाख 70 हजार, हप्ता 14,500. घटत्या शिलकीच्या हिशेबात हा दर पावणेसोळा टक्क्यांच्या जवळ जातो. दोन्हीकडे तोंडी आकडा एकच, आणि फरक सव्वा लाखाचा. म्हणून टक्के विचारू नका, हप्ता गुणिले महिने किती होतात ते विचारा. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक केले आहे. त्यात सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर एका ओळीत लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आहे का, हेही त्यातच पाहा. कोऱ्या धनादेशांवर सह्या मागणाऱ्याकडून कर्ज घेऊ नका.

शेतकरी कुटुंबाची अडचण वेगळी असते. उत्पन्न असते, पण ते महिन्याला येत नाही आणि पगाराची स्लिपही नसते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी आयकर विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. तरीही कर्ज मिळते. स्टेट बँकेसारख्या बँकांच्या वाहनकर्जात शेतकऱ्यांसाठी वेगळा गट असतो. सातबारा, आठ-अ, मोंढ्यातल्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले आणि खात्यावरची दोन-तीन वर्षांची उलाढाल ही तुमची पगारस्लिप. म्हणून माल विकल्याचे पैसे रोख न घेता खात्यावर घेण्याची सवय गाडी घ्यायच्या दोन वर्षे आधीपासून लावावी. ज्या शाखेत पीककर्जाचे खाते वेळेवर नवे-जुने होते, तिथे आधी जा. सहामाही हप्त्याची सोय आहे का, हे तिथेच स्पष्ट विचारा. नसेल तर स्वतः करा: सोयाबीनची पट्टी झाली की सहा हप्त्यांची रक्कम, 6,200 चा हप्ता असेल तर 37 हजार, ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्यातच ठेवा. तूर विकल्यावर पुढच्या सहा महिन्यांची. एक हप्ता परत गेला तरी दंड बसतो आणि सिबिलवर डाग पडू शकतो, मग पुढचे पीककर्जही अडू शकते. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. अर्ज करण्याआधी तो काढून चुकीची नोंद असेल तर दुरुस्त करून घ्या.

आता गाडीकडे येऊ. भरवशाची गाडी म्हणजे काय? माझ्या लेखी, जी बिघडल्यावर आपल्या तालुक्यात त्याच दिवशी दुरुस्त होते ती. किनवट, देगलूर, मुखेड, निलंगा, अहमदपूर अशा ठिकाणी राहणाऱ्याने शोरूमआधी गावातल्या मिस्त्रीला गाठावे आणि विचारावे, ‘या गाडीचे पार्ट इथे मिळतात का, की नांदेड-हैदराबादहून मागवावे लागतात?’ ज्या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप तुमच्यापासून तासाभरात आहे, तिची साधी गाडी ही लांबच्या कंपनीच्या भारी गाडीपेक्षा बरी.

इंधनाचे उत्तर बहुतेकांसाठी पेट्रोल हेच आहे. 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी वेगाने लांब पळाली तर तो स्वतःला साफ करतो. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि खर्च काढतो. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर हायवेवर जाणाऱ्यानेच डिझेल घ्यावे. सीएनजी घ्यायचा विचार असेल तर आपल्या जवळच्या पंपावर सकाळी आणि संध्याकाळी रांग किती असते ते स्वतः पाहून या. डिकीची जागाही टाकीत जाते हे लक्षात ठेवा.

दर्जा पाहायचा तर सुरक्षेचाही पाहा. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 361 आहे आणि गाड्यांचा वेग वाढला आहे. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ची टक्कर-चाचणी सुरू झाली. मोठ्यांचे आणि मुलांचे अशी दोन वेगळी तारांकने त्यात मिळतात. दोन्ही पाहा. टचस्क्रीनवाल्या वरच्या मॉडेलपेक्षा सहा एअरबॅग आणि गाडी घसरण्यापासून सावरणारी ईएससी यंत्रणा असलेले खालचे मॉडेल मी निवडेन. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. घरातल्या पाच जणांना बसवा, दुपारच्या उन्हात एसी चालू ठेवा आणि ओव्हरटेक करताना गाडी दम टाकते का ते पाहा.

22 सप्टेंबर 2025 पासून, त्या वर्षीच्या घटस्थापनेच्या दिवशी, चार मीटरपर्यंत लांबीच्या छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झाला. पेट्रोलमध्ये 1200 सीसी आणि डिझेलमध्ये 1500 सीसी ही मर्यादा. त्याआधी 28 टक्के आणि वर उपकर होता. नवी गाडी परवडण्याच्या कक्षेत आलेली काही घरे यामुळेच आली. दहा लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस कापला जातो. विवरणपत्र भरले तर तो परत मिळू शकतो, पण अनेक जण तो सोडून देतात.

कोटेशन हातात आले की प्रत्येक ओळीला ‘हे कशाचे?’ असे विचारा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाचा कोणताही आकार आरटीओत भरावा लागत नाही, तो काढायला सांगा. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. दोन कोटेशन बाहेरून आणा, किंमत आपोआप उतरते. आणि पाडव्याला घेणाऱ्यांनी विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष जरूर पाहावे. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये नवी म्हणून मिळते, पण विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. घ्यायला हरकत नाही, फक्त सूट त्या प्रमाणात मागा. हे सगळे नोंदणीच्या आधी. एकदा एमएच-26 किंवा एमएच-24 चा नंबर पडला की गाडी तुमची.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आपल्या भागात दोन धोके खास आहेत. पहिला पाण्याचा. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये जवळपास सगळ्या मराठवाड्यात पूर आला. पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. त्या ओळखायच्या तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गुंडाळलेल्या टोकाकडे गढूळ रेघ किंवा डाग असेल तर पाणी तिथवर चढले होते. मग सीट पुढे सरकवून खालच्या पट्टीवरचे बोल्ट पाहा. घरात उभ्या राहिलेल्या गाडीचे हे बोल्ट सहसा गंजत नाहीत. स्टेपनी उचलून तिच्या खाचेत हात फिरवा, काळ्या मातीचा बारीक थर बोटाला लागतो. पायपुसण्याखालचा गालिचा उचलून वास घ्या. अत्तराचा घमघमाट असेल तर जास्तच संशय घ्या. मीटरचा आकडाही पडताळा: टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. मीटरवर 25 हजार आणि टायर मात्र दोनदा बदललेले, हा हिशेब जुळत नाही.

दुसरा धोका परराज्यातल्या गाडीचा. देगलूर-बिलोलीकडे हैदराबादची टीएस किंवा टीजी नंबरची, उदगीरकडे बिदरची केए-38 नंबरची गाडी स्वस्तात मिळते. ती कायम इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर हे सगळे लागते. हा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी संपते. त्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातली, पहिल्या मालकाची, तीन ते पाच वर्षांची, ओळखीच्या मिस्त्रीला दाखवता येईल अशी गाडी शोधा. एप्रिल 2023 नंतरची असेल तर 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठीचे सुटे भाग त्यात असतात, तेवढी काळजी कमी. परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकून बोजा, विमा आणि थकीत चलन तपासा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की नाव बदलून घेण्याची जबाबदारी तुमची, आणि विमाही 14 दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही जास्त पडते. 12 टक्के धरले तर 6,200 च्या हप्त्यात पावणेतीन लाखांच्या थोडेच वर बसते, हे सौदा करण्याआधी लक्षात घ्या.

शेवटचा हप्ता गेला की काम संपत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असतो, तो आपोआप उतरेल असे धरून बसू नका. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्या. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद सोडायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागता येते. त्या पत्राला बहुधा तीन महिन्यांची मुदत असते, तेव्हा ते कपाटात न ठेवता त्याच महिन्यात आरटीओत द्या आणि विम्यावरूनही बँकेचे नाव काढून घ्या.