परदेशातून दोन ओळी : खर्च किती, बचत कशी?

व्यापारी माणूस मीटरमागे दहा पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. तोच माणूस परदेशातून परतल्यावर फोन कंपनीचे बिल मुकाट्याने भरून टाकतो. आम्हीही याला अपवाद नव्हतो. दोनदा ठेच लागली तेव्हा डोळे उघडले. तो तजुर्बा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या वडिलांच्या पेढीवर तार करायची असली की मुनीमजी आधी कच्च्या कागदावर मजकूर लिहीत आणि मग एकेक शब्द छाटत, कारण तारेला शब्दागणिक पैसे पडत. २०१३ साली तारसेवा बंद झाली आणि शब्द मोजण्याची आपली सवयही तिच्याबरोबर गेली. परदेशात मात्र ती सवय आजही कामाची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कापडाचे नमुने घेऊन दुबईला गेलो होतो. इंटरनेट महाग पडते असे ऐकून ते बंद ठेवले आणि घरी, पेढीवर व गिऱ्हाइकांना साधे एसएमएस पाठवू लागलो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून मजकूरही उर्दूत. माल, भाव, पन्हा, थान, सारे सविस्तर. परतल्यावर बिल पाहिले तर आम्ही पाठवलेल्या संदेशांच्या कितीतरी पट संदेश त्यात मोजलेले. कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा कळले की हिशेब बरोबर होता. अडाणी आम्हीच होतो.

गोष्ट अशी आहे. एसएमएस हा प्रकार युरोपात जन्मला. पहिला संदेश इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. इंग्रजी अक्षरांत लिहिले तर एका संदेशात १६० अक्षरे मावतात. उर्दू किंवा मराठी लिपीत लिहिले तर फक्त ७०. मजकूर त्याहून लांबला की फोन त्याचे तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकडा जोडण्यासाठी थोडी जागा खर्ची पडते. मग इंग्रजीत १५३ आणि आपल्या लिपीत ६७ अक्षरांचा एक तुकडा होतो. पैसे तुकड्यागणिक लागतात. समजा, परदेशातून एका संदेशाला १५ रुपये पडतात आणि मजकूर ३०० अक्षरांचा आहे. इंग्रजी अक्षरांत दोन तुकडे, म्हणजे ३० रुपये. उर्दूत पाच तुकडे, म्हणजे ७५ रुपये. मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी हेही वेगळे मोजले जातात. 'किंमत' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, फोन तो पाच धरतो.

आणखी एक मेख आहे. सारा मजकूर इंग्रजी अक्षरांत असला, पण मध्येच एक हसरा चेहरा टाकला किंवा २०१० साली आलेले रुपयाचे चिन्ह टाकले, तरी बहुतेक फोनांत तो संपूर्ण संदेश ७० च्या हिशेबात जातो. भाव कळवताना चिन्हाऐवजी नुसता आकडा लिहावा.

पुढच्या खेपेस आम्ही दुसरे टोक गाठले. रोमिंग सुरूच केले नाही. भारतातील सिम काढून पाकिटात ठेवले आणि तिथले सिम घातले. खर्च वाचला म्हणून खूश होतो. तिसऱ्या दिवशी इकडे सुताचे भाव चढू लागले. सूतवाल्याने सायंकाळपर्यंत पैसे मागितले. बँकेत रक्कम होती, पण ओटीपी येणार भारतातल्या नंबरावर! सिम परत घातले तरी रोमिंगअभावी ते तेथे निकामी. रात्री माल दुसऱ्याने उचलला. आम्हाला तेच सूत नंतर चढ्या भावाने घ्यावे लागले. जे गेले, त्यापुढे फोनचे बिल काहीच नव्हते. फिजूलखर्ची टाळावी हे खरे, पण गरजेचा दरवाजाच बंद करणे ही काटकसर नव्हे.

आता आम्ही काय करतो ते सांगतो.

निघण्यापूर्वी भारतातल्या सिमवर रोमिंग सुरू करून घेतो. येणारा एसएमएस बहुधा फुकट असतो. तरी आपल्या कंपनीला विचारून खात्री करावी. त्या सिमवरचे इंटरनेट, म्हणजे 'डेटा रोमिंग', मात्र बंद ठेवतो. इंटरनेटसाठी पासपोर्ट दाखवून तिथले सिम घेतो किंवा आधीच ई-सिम भरून नेतो. दोन सिमच्या फोनात हे सहज जमते. व्हॉट्सॲपचा जुना नंबर तसाच चालतो. फोनने नंबर बदलू का विचारले तर नाही म्हणावे. नमुन्यांचे फोटो हॉटेलच्या वायफायवरून पाठवावेत आणि फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवावी.

कंपनीचा पॅक घेतलाच तर त्यातील देशांची यादी नीट वाचावी. अमिरातीसाठी घेतलेला पॅक ओमानमध्ये चालेलच असे नाही. विमानात व जहाजावर फोन 'विमान मोड'वर ठेवावा, कारण तिथले नेटवर्क फार महाग असते.

आयफोन वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. इंटरनेट नसेल तर त्याचा संदेश गुपचूप एसएमएस होऊन जाऊ शकतो. ती सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. सिम बदलल्यावर आयमेसेज चालू करण्यासाठी तो स्वतःहून परदेशी नंबरावर एसएमएस पाठवतो, त्याचेही पैसे लागू शकतात.

देशोदेशीचे नियमही माहीत असावेत. अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिखित व आवाजी संदेश जातात, थेट बोलणे सहसा लागत नाही. चीनमध्ये व्हॉट्सॲप २०१७ पासून बंद आहे. कोचियाओच्या कापड बाजारात जाणाऱ्यांना हॉटेलच्या वायफायवर ते उघडणार नाही. भारतातल्या सिमच्या रोमिंगवर बहुधा उघडते, म्हणून तेथे पॅक घेऊनच जावे. तिकडचे व्यापारी वीचॅट वापरतात, त्यावर नाव घरूनच नोंदवावे.

वडिलांचे मुनीमजी आज असते तर त्यांना हा फोन उलगडला नसता. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक प्रश्न नक्की विचारला असता : एका ओळीचे पैसे किती? बॅग भरताना हा प्रश्न आपणही विचारावा, आणि भारतातले सिम फोनमध्येच राहू द्यावे.