फावल्या वेळातील काम

चेन्नईच्या सी-डॅक संस्थेत तयार झालेली ‘बॉस’ ही संगणकप्रणाली २००७ साली लोकांपुढे आली. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तिच्याशी व्यवहार करता येतो. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पडद्यावरील खिडक्यांची व्यवस्था ‘ग्नोम’ या मुक्त सॉफ्टवेअरकडे होती. या व्यवस्थेत फावल्या वेळाचा मोठा मार्मिक हिशेब ठेवलेला असतो.

माणूस एक कळ दाबून दुसरीकडे बोट नेतो, तेवढ्यात संगणक कोट्यवधी क्रिया करू शकतो. हा वेळ वाया का दवडावा? म्हणून शब्दांची शुद्धता तपासणे, यादी क्रमवार लावणे, अशी कामे त्यात उरकली जातात. प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा आकडा असतो आणि लहान आकड्याला मान आधी मिळतो. कळ दाबली गेली, तर तिचा आकडा ०. पडदा पुन्हा रंगविण्याचा १२०. फावल्या कामाचा २००. अर्थात आधीचे काही शिल्लक नसेल, तेव्हाच त्याची पाळी येते.

परंतु येथेच एक मेख आहे. कोणते काम पुढे हाती घ्यावे, एवढेच हा आकडा ठरवितो. हाती घेतलेले काम तो मध्येच सोडवीत नाही. कचेरीच्या खिडकीवरील कारकुनाने समोर कोणी नाही असे पाहून जुनी नोंदवही काढली आणि ती संपेपर्यंत मान वर केली नाही, तर नंतर आलेल्या माणसाने काय करावे? पडद्यावरही असेच होते. खिडकी गोठते, यंत्र बिघडले असे समजून माणूस वीज तोडतो आणि न साठविलेला मजकूर नाहीसा होतो.

यावर उपाय साधा आहे. हजार नोंदी तपासावयाच्या असतील, तर एका पाळीत थोड्याच तपासाव्या, कोठवर आलो याची खूण ठेवावी आणि हात मोकळे करावे. काम उरले असेल तर ‘होय’ असे उत्तर द्यावे, म्हणजे पुन्हा पाळी मिळते. ‘नाही’ म्हटले की नाव यादीतून निघते. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवावयाचा, तर दोन रंगकामांमध्ये सुमारे सोळा सहस्रांश सेकंद मिळतात. एका पाळीचे काम त्याहून पुष्कळ लहान हवे. ज्याचे असे तुकडे पडत नाहीत, ते काम वेगळ्या धाग्यावर सोपवावे.

फावला वेळ यंत्राला मिळतो खरा, पण तो समोर बसलेल्या माणसाचा असतो. त्याने कळ दाबताच तो परत करता आला पाहिजे.