बाजेवरून दिसणारी पाखरे

तुमच्या घरी कुणी वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले आहे काय? 'आता घरी न्या आणि सेवा करा' असे डॉक्टरांनी सांगितले आहे काय? मग हा लेख घरात सगळ्यांना वाचून दाखवा. आज मी पाखरांविषयी लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांना झाले तरी काय? हुरड्यात आलेली ज्वारी पाखरांपासून कशी राखावी हे दरवर्षी सांगणारा माणूस आज पाखरांना दाणे घाला म्हणतो!

त्याचे असे झाले. आमचे गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. 2018 च्या दिवाळीत माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. वय 78. शस्त्रक्रिया सोसण्यासारखी प्रकृती नव्हती, म्हणून घरी आणले आणि मधल्या खोलीत बाज टाकली. जन्म उघड्या रानात गेलेला माणूस दिवसभर भिंत आणि कॅलेंडर बघत पडून राही. वेदनेच्या गोळ्या चालू होत्या, पण बोलणे बंद झाले होते.

आईच म्हणाली, "त्यांना ओसरीवर घ्या." बाज ओसरीवर आली. समोरच्या लिंबाच्या फांदीला मी ज्वारीची चार कणसे बांधली आणि खाली पाण्याचा परळ ठेवला. पहिले दोन दिवस काहीच आले नाही. तिसऱ्या दिवशी चिमण्या आल्या, मग होले, मग साळुंक्या. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, जन्मभर गोफणीनं हाणली ह्यांना. आता बोलावून जेवू घालतुयास व्हय?" आठवड्यानंतरचे ते पहिले लांब वाक्य होते.

पुढे त्यांना नादच लागला. सातभाईंचा थवा पाण्यावर उतरला की त्यांची भांडणे बघून ते हसत. रात्री दुखणे वाढे, झोप नसे. तेव्हा ते दयाळाच्या पहाटेच्या शिळेची वाट बघत. "बोलला, आता उजाडंल," असे म्हणत. दुखणे तेवढेच होते, पण रात्रीला शेवट आहे हे त्यांना कळत होते.

हे केवळ आमच्या घरचे वेड नव्हे. रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामक औषधे कमी लागली. 1984 साली हे प्रसिद्ध झाले. ते रुग्ण बरे होणारे होते, हे खरे. पण बरे न होणाऱ्यांसाठीही सेवागृहे असतात, त्यांना हॉस्पिस म्हणतात. सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरबाईंनी 1967 मध्ये लंडनला असे सेवागृह काढले. आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले. खेड्यात मात्र आपली ओसरी हेच सेवागृह, आणि लेकी-सुनाच परिचारिका.

आता कसे करावे ते सांगतो. आधी तुम्ही स्वतः त्या बाजेवर आडवे होऊन बघा. उभ्या माणसाला जे दिसते ते उशीवरून दिसत नाही. आम्हाला कणसे दोनदा खाली घ्यावी लागली. आजाऱ्यापासून ती सहा-सात हात तरी लांब असावीत. वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला वाईट. मी आधी फार जवळ बांधली आणि वडिलांना खोकल्याची उबळ आली. मांजराची झेप पोचणार नाही अशी जागा निवडा. परळ उथळ, दोन बोटे पाण्याचा असावा. तो रोज घासून पाणी बदला, नाहीतर आठवड्यात डास होतील. दाणे ज्वारी, बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी. खारे, तळलेले काही नको. बुलबुलासाठी पपईची फोड ठेवा. जास्वंद किंवा शेवगा फुलला असेल तर शिंजीर न बोलावता येईल. गावात कोंबड्यांची मर लागली असेल तर दाणा-पाणी बंद ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. कणसे संपली म्हणून पेरणीतून उरलेल्या पिशवीत मी हात घातला. आई ओरडली, "आरं, ते औषध लावल्यालं हाय!" खोडमाशीसाठी प्रक्रिया केलेले बियाणे होते ते. बीजप्रक्रियेवर शेकडो व्याख्याने दिलेला मी! असे बियाणे पाखरांना कधीही घालू नका. आणि आजाऱ्याच्या करमणुकीसाठी पोपट पिंजऱ्यात आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि अंथरुणाला बांधलेल्या माणसाला बांधलेले पाखरू कशाला दाखवायचे?

कावळ्याचे मात्र सांगितलेच पाहिजे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दुखणाईताच्या दारात कावळा बरा न्हवं, हाकला." घरात सगळे गप्प झाले. दहाव्याचा कावळा सगळ्यांच्याच मनात होता. वडील बाजेवरून म्हणाले, "येऊ द्या की. म्होरं यायचंच हाय त्याला, आधी वळख झाल्याली बरी." काकूही हसल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात मरणाविषयी उघड बोलता येऊ लागले. जमिनीची वाटणी, आईचे पुढचे, बैलांचे काय करायचे, सगळे त्यांनी स्वतः सांगितले.

2019 च्या मार्चमध्ये ते गेले. शेवटच्या आठवड्यात घोटभर पाणीही उतरत नव्हते, तरी सकाळी विचारत, "पाखरांना घातलं का?" ज्वारीची काढणी तेव्हा नुकतीच झाली होती. आईने निवडून दहा कणसे बाजूला काढून ठेवली होती. परळ अजून त्याच जागी आहे. उन्हाळ्यात त्यात दोनदा पाणी घालावे लागते.