निळ्या ताऱ्याचं मरणोत्तर चरित्र

२३ फेब्रुवारी १९८७, सोमवार. भारतात दुपारचे एक वाजून पाच मिनिटं झाली होती. त्या दहा-बारा सेकंदांत पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या अंगातून अब्जावधी न्यूट्रिनो आरपार गेले आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. ज्या यंत्रांना लागला, त्यांच्याकडेही ती नोंद चुंबकीय फितीवर तशीच पडून राहिली.

बातमी फुटली जवळपास दिवसभराने, चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून. टोरांटो विद्यापीठाचा इयन शेल्टन तिथे दहा इंची दुर्बिणीतून मोठ्या मॅजेलनी मेघाची छायाचित्रं घेत होता. तीन तास उघडी ठेवलेली काच त्याने झोपण्याआधी धुवून पाहिली, तर जिथे ठळक काही असायला नको तिथे एक भरदार ठिपका. आधी त्याला काचेतच खोट आहे असं वाटलं. मग तो बाहेर आला आणि मान वर केली, तर ठिपका आकाशातही होता. शेजारच्या दुर्बिणीवर सांगायला गेला, तेव्हा तिथला रात्रपाळीचा सहायक ऑस्कर दुहाल्दे म्हणाला, मघाशी बाहेर आलो होतो तेव्हा मीही पाहिला. कामाच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं होतं.

१६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना सहज दिसलेला हा पहिला अतिनवतारा. म्हणजे खगोलशास्त्राच्या हाती दुर्बीण आल्यापासूनचा पहिलाच. नाव पडलं १९८७ए. पुण्या-मुंबईकरांच्या नशिबात तो नव्हता. आकाशाचा तो भाग आपल्याकडे क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश येतो, म्हणजे धुरळ्यातच बुडतो.

तारांच्या आणि दूरध्वनींच्या धावपळीत जपानी गटाला आपल्या फितींची आठवण झाली. कामिओका खाणीत, हजार मीटर खोलीवर, तीन हजार टन शुद्ध पाण्याची टाकी आणि तिला आतून लावलेल्या सुमारे हजार प्रकाशग्राही नळ्या, हे सगळं उभं केलं होतं ते प्रोटॉनचा क्षय पकडायला. प्रोटॉन काही क्षय पावला नाही. पण फितीवर सुमारे बारा सेकंदांत ११ न्यूट्रिनो सापडले. अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत तशाच कामाला लावलेल्या टाकीत ८, आणि सोव्हिएत संघात कॉकेशसमधल्या बाक्सान इथे ५. गंमत अशी की कामिओकाचं घड्याळ मिनिटभर मागेपुढे असण्याची शक्यता होती, त्यामुळे नेमकी वेळ घ्यावी लागली ती ओहायोची. दोन डझन कण ही काय मोठी मिळकत, असं कुणी म्हणेल. पण ताऱ्याचा गाभा कोसळताना ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनोंच्या रूपाने निघून जाते, हे तोवर फक्त कागदावर होतं. डोळ्यांना दिसणारा भडका म्हणजे उरलेल्या एका टक्क्याचाही लहानसा भाग. गटाचे प्रमुख मासातोशी कोशिबा पुढच्याच महिन्यात टोकियो विद्यापीठातून निवृत्त झाले. २००२ सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आपलं कोलार इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तिथल्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते आणि पुढे प्रोटॉन-क्षयाचा प्रयोगही मांडला होता. पण तिथला संच लोखंडी थर आणि वायूच्या नळ्यांचा, जास्त ऊर्जेच्या कणांसाठी केलेला. मरत्या ताऱ्याकडून येणाऱ्या कमी ऊर्जेच्या न्यूट्रिनोंना पाण्याची टाकीच सोयीची.

मग प्रश्न आला, मेलं कोण? जुन्या छायाचित्रांत त्या जागी निकोलस सँड्युलिक यांच्या यादीतला एक तारा होता, सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा. पण तो निळा. असे तारे मरण्याआधी फुगून तांबडे होतात, असं सगळी पुस्तकं सांगत होती. त्यात आणखी घोळ म्हणजे उपग्रहाच्या अतिनील वेधांत सुरुवातीला तो तारा जिवंत दिसला! स्फोटाचा अतिनील उजेड ओसरल्यावर उलगडा झाला. दिसत होते ते त्याचे दोन शेजारी, निळा गायबच होता. त्याच्या आकाराची साक्ष घड्याळानेही दिली. न्यूझीलंडचे हौशी निरीक्षक अल्बर्ट जोन्स यांनी न्यूट्रिनो येऊन गेल्यावर पावणेदोन तासांनी नेमका तोच भाग पाहिला होता आणि तिथे काही नव्हतं. त्यानंतर तासाभराने ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांच्या छायाचित्रात मात्र तो उमटला. गाभ्यातला धक्का तीन तासांच्या आत पृष्ठभागावर पोचायचा, तर तारा आटोपशीरच असायला हवा. फुगलेल्या तांबड्या ताऱ्यात त्याला बराच जास्त वेळ लागला असता. ‘काही दिसलं नाही’ या नोंदीइतकी मोलाची दुसरी नोंद मला या साऱ्या प्रकरणात दिसत नाही.

निळा का, याचं उत्तर हबल दुर्बिणीने वाकड्या वाटेने दिलं. १९९० मध्ये तिने स्फोटाभोवती वायूचं कडं दाखवलं आणि १९९४ मध्ये आणखी दोन मोठी, फिकट कडी. हा वायू स्फोटाचा नव्हे, ताऱ्याने त्याच्या सुमारे वीस हजार वर्षं आधी टाकलेला. एका ताऱ्याने दुसरा गिळला असेल, तर अशी तीन कडीही होतात आणि तारा निळाही होतो, हे २००७ मध्ये संगणकावर करून दाखवण्यात आलं. विलीनीकरणाची ही कथा मला पटते, सिद्ध झाली असं मात्र म्हणवत नाही. १९९७ च्या सुमारास धक्क्याची लाट आतल्या कड्याशी भिडायला लागली आणि ते मोत्याच्या माळेसारखं एकेका ठिकाणी उजळत गेलं. आता ते विझत चाललंय.

मेल्या ताऱ्यांच्या मागच्या जन्माची अशी चौकशी पुढे रूढच झाली. स्फोट दिसला की आधी जुनी छायाचित्रं उपसायची. त्यातून बहुतेक तारे तांबडे निघाले, पण सूर्याच्या सतरा-अठरापटींच्या वरचे तांबडे फारसे सापडत नाहीत. ते गुपचूप कृष्णविवरात जातात की धुळीमुळे आपण त्यांचं वजन चुकीचं करतो, यावर अजून भांडण आहे. मे २०२३ मध्ये जपानच्या कोइची इतागाकी यांनी एम१०१ दीर्घिकेत शोधलेल्या २०२३आयएक्सएफच्या वेळीही मूळ ताऱ्याच्या वस्तुमानाचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. त्याच्या मागावर आयआयटी मुंबईचा वाटा असलेली हानले इथली ग्रोथ-इंडिया दुर्बीणही होती.

उरला प्रेताचा प्रश्न. न्यूट्रिनो आले म्हणजे आत न्यूट्रॉन तारा जन्मला असणार. जानेवारी १९८९ मध्ये सेरो तोलोलोहून तो सापडल्याचा गाजावाजा झाला. म्हणे सेकंदाला १९६८.६३ स्पंदनं! इतक्या वेगाने फिरताना तो फुटत कसा नाही, हे समजावणारे शोधनिबंधही धडाधड निघाले. वर्षभराने कळलं की ती स्पंदनं दुर्बिणीवरच्या टेलिव्हिजन कॅमेऱ्याच्या विजेची होती. मग लोक गप्प बसले. अवशेषाच्या पोटात सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाइतकी धूळ असल्याचं हर्शेल दुर्बिणीने २०११ मध्ये दाखवलं, त्यामुळे आत दिसणार तरी काय. २०१९ मध्ये अल्मा दुर्बिणींना त्या धुळीत एक गरम ठिपका सापडला. मग वेब दुर्बिणीने मध्याजवळ आयनीभूत अर्गॉन आणि गंधकाच्या रेषा टिपल्या. क्लेस फ्रान्सन आणि सहकाऱ्यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत त्या प्रसिद्ध केल्या. या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवायला आत काहीतरी प्रखर हवं. ते तापलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचं प्रारण असेल किंवा त्याच्या भोवतालचा कणांचा झंझावात. दोन्हींत न्यूट्रॉन तारा हवाच. १९८९ मध्ये दशांशापर्यंत सांगितलेला त्याचा वेग मात्र अजून कुणालाही मोजता आलेला नाही.