मोबाईलवर डॉक्टर आहे, मग आशाताई कशाला?

"डॉक्टरसाहेब, आता मोबाईलवरच डॉक्टर भेटतात. मग गावात आशाताई कशाला?" सूरजागडला चहाच्या टपरीवर एका तरुणाने मला विचारले. असा प्रश्न अनेकांच्या मनात असेल. त्याचे उत्तर आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात फार पूर्वी मिळाले आहे.

लहान मुलाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असले तर तो धोक्याचा इशारा समजावा. पण अक्षरओळख नसलेल्या दाईने इतके मोजायचे कसे? 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तिच्यासाठी एक साधे यंत्र बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि काही मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मणी संपले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा.

मोजण्याचे काम यंत्राने सोपे केले. पण रात्री हाक मारताच येणारी आणि आईला धीर देणारी ती दाईच होती. पुढे याच संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून हे काम देशभरातील आशाताईंकडे आले.

आता मलेरिया पाहू. बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला की तपासणी किट पंधरा-वीस मिनिटांत निकाल देते. पण व्हायवॅक्स जातीच्या मलेरियात तो उलटू नये म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि बरेच जण गोळ्या सोडतात. अशा वेळी चौदाव्या दिवसापर्यंत दारात येऊन विचारणारे माणूसच लागते.

मोबाईलचे महत्त्व मात्र कमी नाही. २०१९ साली सुरू झालेल्या 'ई-संजीवनी' सेवेमुळे उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांशी बोलू शकतो. पावसाळ्यात नाले भरले असता त्या सल्ल्याचे मोल मोठे असते. पण पडद्यावरील डॉक्टरला माडिया बोली येईलच असे नाही. पोट दाबून पाहणे, छाती आत ओढली जाते का हे नीट न्याहाळणे, हे रुग्णाजवळच्या माणसालाच करावे लागते. आणि रेंज गेली की फोनही मुका होतो.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे:

१. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे रक्त तपासून घ्यावे.

२. ताप उतरला तरी सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात.

३. बाळ दूध ओढत नसेल, झटके येत असतील, छाती आत जात असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर फोनवरील सल्ल्याची वाट पाहू नये. १०८ ला कळवावे किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

टपरीवरच्या त्या तरुणाला मी म्हटले, "बाबा रे, फोन हवाच. पण तो आशाताईच्या हातात असला तर जास्त कामाचा."