जुना लेथ विकत घेताना

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत गाळे पुष्कळ. कुठेही डोकावा, लेथ फिरताना दिसेल. तिथे काम करता करता कारागिराच्या मनात येते, आपलाही एक लेथ असावा. नवा परवडत नाही. मग जुना बघायचा. पण त्यात घरची पुंजी जाते. कधी बायकोचे दागिनेही गहाण पडतात. म्हणून घाई नको.

रंगाला भुलू नका. आम्ही एकदा भुललो. हिरवागार रंग पाहिला अन् इसार देऊन बसलो. मागून बेड झिजलेला निघाला.

बेड म्हणजे लेथचा कणा. चकजवळ काम जास्त होते, म्हणून तो तिथेच जास्त झिजतो. कॅरेज चकजवळ आणा. ती जेमतेम सरकेल इतपत जिबची पट्टी आवळा. मग कॅरेज टेलस्टॉककडे न्या. वाटेत घट्ट होऊन अडली, तर बेड झिजला समजा. तो पुन्हा घासून घेण्याचा खर्च मोठा. हँडलला थोडी ढील असली तर मात्र घाबरू नका. नट बदलला की बहुधा भागते.

2018 च्या जुलैत वसई-विरारला पाणी भरले होते. तेव्हा मशीन पाण्यात होते का, हे स्पष्ट विचारा. गिअरबॉक्सचे तेल दुधासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे.

मशीन सगळ्या गतींवर चालवून बघा. खडखड ऐका. सैल बाही नको, हातमोजे नकोत. चकची चावी चकात विसरू नका. बरोबर एक जाड सळई न्या. तिच्यावर तीन-चार इंच हलका कट घ्या आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. माप सारखे यावे. मशीन लेव्हलमध्ये बसवलेले नसेल तरीही फरक येतो, म्हणून आधी लेव्हल बघा.

आता सामान. चार जबड्यांचा चक, फेसप्लेट, स्टेडी, सेंटर मोजून घ्या. चेंज गिअर तर एकेक मोजा. ते नसले तर हवे ते आटे पडणार नाहीत. विकणारा म्हणतो, "गिअर घरी आहेत, मागाहून देतो." दादा, आधी गिअर, मग पैसे! हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना 1941 साली निघाला. त्याचे लेथ नावाजलेले. पण तो आता बंद आहे. अशा लेथचे गिअर हरवले, तर जुन्या बाजारात हिंडावे लागते.

मोटर थ्री फेज असेल, तर घरच्या सिंगल फेजवर ती तशीच चालणार नाही. महावितरणकडे आधी चौकशी करा. आणि टेम्पो सांगण्यापूर्वी गाळ्याचे दार मोजा.